दिवा पालिकेचा, खांब कोणाचा?

या महिन्यात आलेली बहुतेक पत्रे सातारा शहरातील पेठांतून आणि २०२० च्या हद्दवाढीनंतर शहरात आलेल्या उपनगरांतून आली आहेत. नावे छापू नयेत, अशी अनेकांची विनंती असल्यामुळे पत्रलेखकाचा भाग तेवढा दिला आहे.

प्रश्न : आमच्या गल्लीच्या वळणावरील दिवा तीन आठवड्यांपासून बंद आहे. एक शेजारी म्हणतात, खांब महावितरणचा आहे, तक्रार तिकडेच करा. दुसरे म्हणतात, दिवाबत्ती हे पालिकेचे काम. नेमके कोणाकडे जावे? (एक वाचक, शाहूपुरी)

उत्तर : आपले दोन्ही शेजारी अर्धे अर्धे बरोबर आहेत. घरांना वीज पुरवणाऱ्या तारा ज्या खांबावरून जातात, तो खांब बहुधा महावितरणचाच असतो. मात्र त्यावर बसवलेला दिवा, त्याची फिटिंग, दिवे लावण्या-विझवण्याचा टायमर आणि जळलेल्या विजेचे बिल हे सर्व नगरपरिषदेकडे येते. महाराष्ट्र नगरपरिषदा अधिनियम, १९६५ च्या कलम ४९ मध्ये नगरपरिषदेची आवश्यक कर्तव्ये दिली आहेत आणि सार्वजनिक रस्त्यांवरील दिवाबत्ती त्यांत स्पष्टपणे आहे, त्यामुळे हे काम ऐच्छिक किंवा मेहेरबानीचे नाही.

तक्रार करण्यापूर्वी एकदा अंधार पडल्यावर गल्लीत उभे राहून नीट पाहावे. एकच दिवा बंद आणि पुढचे-मागचे चालू असतील, तर दोष दिव्यात किंवा फिटिंगमध्ये आहे. घरांत वीज असूनही रस्त्यावरील दिव्यांची सबंध ओळ काळोखात असेल, तर पथदिव्यांची स्वतंत्र तार तुटली आहे किंवा पॅनेलमधील टायमर अथवा फ्यूज बिघडला आहे. जुन्या पद्धतीच्या खांबांवर पाच तारा दिसतात. तीन फेजच्या, एक न्यूट्रलची आणि पाचवी केवळ दिव्यांसाठी, म्हणून घरे उजळलेली आणि रस्ता अंधारात असे घडू शकते. या दोन्ही प्रकारांत अर्ज नगरपरिषदेच्या विद्युत विभागाकडे द्यावा. घरांतही वीज नसेल, तार लोंबत असेल, खांब वाकला असेल किंवा पावसात खांबाला हात लागताच झिणझिण्या आल्याचे कोणी सांगत असेल, तर मात्र क्षणभर न थांबता महावितरणला १९१२ या क्रमांकावर कळवावे आणि तेथे कोणाला उभे राहू देऊ नये. दिवा पालिकेचा की आणखी कोणाचा, हा वाद नंतर घालता येतो.

अर्जात ‘आमच्या गल्लीतील दिवा’ एवढेच लिहू नये. खांबावर रंगाने क्रमांक घातलेला असतो. तो लिहावा, पुसला गेला असेल तर अलीकडच्या-पलीकडच्या खांबांचे क्रमांक द्यावेत, जवळच्या घराचा किंवा दुकानाचा उल्लेख करावा आणि दिवा कोणत्या तारखेपासून बंद आहे ते नमूद करावे. वायरमन शिडी घेऊन येतो तो दिवसा, जेव्हा सगळेच दिवे बंद असतात, हे लक्षात घेतले की क्रमांकाचे महत्त्व कळते. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घ्यावा. माझी निम्मी हयात एका नगरपालिकेत टपाल नोंदवण्यात गेली. साहेबांना तोंडी सांगितलेली तक्रार साहेबांची बदली झाली की त्यांच्याबरोबरच जाते, आवक नोंदवहीतील तक्रार मात्र टेबलावरच राहते, हे मी तेथे पुष्कळदा पाहिले. नगरसेवकांना मोबाईलवर छायाचित्र पाठवण्यास माझी हरकत नाही, परंतु ते अर्जाच्या जागी नसावे, अर्जासोबत असावे.

महिनाभरात काहीच हालचाल झाली नाही, तर माहिती अधिकाराचा अर्ज करावा. त्याचे शुल्क १० रुपये असून उत्तरासाठी ३० दिवसांची मुदत आहे. महाराष्ट्रातील नियमांनुसार एका अर्जात एकच विषय आणि साधारण १५० शब्द अपेक्षित असतात. ‘दिवा का बंद आहे?’ असे विचारू नये, कारण कारणमीमांसा विचारली की ‘माहिती अभिलेखात उपलब्ध नाही’ असे उत्तर हमखास येते; त्याऐवजी ‘अमुक आवक क्रमांकाच्या अर्जावर केलेल्या कार्यवाहीच्या टिपणीची प्रत मिळावी’ असे लिहावे.

आपली वसाहत नवीन असेल, तर आणखी एक गोष्ट तपासावी लागेल. अंतर्गत रस्ता विकासकाने नगरपरिषदेकडे हस्तांतरित केलेला नसेल, तर त्यावरील दिव्यांची जबाबदारी विकासकाची किंवा सोसायटीची राहते. अशा वेळी पहिला अर्ज रस्ता ताब्यात घेण्याविषयी करावा लागतो आणि त्याला वेळ लागतो.

प्रश्न : आमच्याकडे दिवसाढवळ्या दिवे जळत असतात. एलईडीला फारशी वीज लागत नाही, मग तक्रार करण्यात अर्थ आहे का? (एक वाचक, गोडोली)

उत्तर : अर्थ आहे, आणि हिशेब सोपा आहे. ९० वॅटचा एक एलईडी दिवा रात्रीचे ११ तास जळला, तर सुमारे एक युनिट होते. पूर्वीचा २५० वॅटचा सोडियमचा पिवळा दिवा तेवढ्याच वेळात पावणेतीन युनिटांहून अधिक खात असे. ही बचत खरी आहे, पण तोच एलईडी दिवसाही जळत राहिला, तर तिचा मोठा भाग तेथेच संपतो. पथदिव्यांसाठी वीज नियामक आयोगाने स्वतंत्र वर्गवारी ठेवली असून त्यात नगरपरिषदा आणि महानगरपालिका वेगळ्या आहेत, तेव्हा साताऱ्याचा दर सांगलीच्या दराशी जुळेलच असे नाही. बिल मात्र दोन्हीकडे करदात्याच्या पैशातूनच जाते. दिवसा दिवे जळण्याचे नेहमीचे कारण म्हणजे ऋतूप्रमाणे न बदललेला टायमर. आपल्याकडे डिसेंबरात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो आणि जूनमध्ये सात वाजून गेल्यावर, म्हणजे तासाभराचा फरक पडतो. अर्जात ‘टायमरची वेळ दुरुस्त करावी’ एवढे एक वाक्य पुरेसे होईल.

प्रश्न : घरपट्टीच्या बिलात दिवाबत्तीचा आकार लावला आहे. आमच्या दारात खांबच नाही. तेवढी रक्कम वजा करून बाकीची भरली तर चालेल का? (एक वाचक, विलासपूर)

उत्तर : चालणार नाही. शुल्क एखाद्या विशिष्ट सेवेच्या मोबदल्यात घेतले जाते. कर तसा नसतो. आपल्या दारात दिवा नाही म्हणून दिवाबत्तीचा कर माफ होत नाही, जसा घरात शाळेत जाणारे मूल नाही म्हणून शिक्षण कर माफ होत नाही. स्वतःच्या मनाने वजावट केली, तर उरलेली रक्कम थकबाकी म्हणून पुढे ओढली जाते आणि तिच्यावर दरमहा २ टक्के शास्ती चढते. उदाहरणादाखल ६,००० रुपये थकले असे धरले, तर महिन्याला १२० आणि वर्षाला १,४४० रुपये वाढतात. रागाने वजा केलेले चारशे-पाचशे रुपये असे महागात पडतात.

आपली खरी लढण्याची जागा आकारणीत आहे. घराचे वार्षिक भाडेमूल्य ठरवून त्यातून दुरुस्तीपोटी १० टक्के वजा केले जातात, उरते ते करयोग्य मूल्य, आणि बहुतेक कर त्याच्याच टक्केवारीने निघतात. दर चार वर्षांनी होणाऱ्या आकारणीची नोटीस आली की तिच्यातील क्षेत्रफळ, बांधकामाचा प्रकार आणि वापर हे तीन रकाने टेप घेऊन तपासावेत. पत्र्याची शेड आरसीसी म्हणून नोंदली गेली आहे, किंवा कुलूपबंद गाळा व्यावसायिक भाड्याचा धरला आहे, अशा चुका आढळतात. नोटिशीत दिलेल्या मुदतीत लेखी हरकत घ्यावी आणि सुनावणीला स्वतः जावे. मुदत उलटल्यानंतर तोच मुद्दा कितीही खरा असला तरी तो ऐकून घेणे अधिकाऱ्याला कठीण जाते.

प्रश्न : पेठेत राहणाऱ्या माझ्या बहिणीला वर्षाची ठरावीक पाणीपट्टी येते, आम्हाला मात्र मीटरप्रमाणे बिल येते. एकाच शहरात हा भेद का? (एक वाचक, विसावा नाका)

उत्तर : कारण पाणी एका ठिकाणाहून येत नाही. शहराच्या जुन्या भागाला नगरपरिषदेच्या कास आणि शहापूर योजनांचे पाणी मिळते, तर उपनगरांच्या मोठ्या भागाला महाराष्ट्र जीवन प्राधिकरण पाणी देते आणि त्याचे बिल मीटरवर निघते. कास तलाव शहरापेक्षा पुष्कळ उंचावर असल्यामुळे तेथील पाणी उताराने खाली येते. शहापूर योजनेत उरमोडीचे पाणी पंपाने उचलावे लागते, म्हणून विजेचा दर वाढला की त्या पाण्याचा खर्चही वाढतो. दोन बिलांची तुलना करावयाची असल्यास प्रथम आपले बिल हजार लिटरमागे किती पडते ते काढावे, कारण मीटरचे एक युनिट म्हणजे हजार लिटर. बिल अचानक दुप्पट आले असेल, तर भांडायला जाण्यापूर्वी रात्री घरातील सर्व नळ आणि टाकीचा व्हॉल्व्ह बंद करून मीटरमधील लहानशी चक्री पाहावी. ती फिरत असेल, तर गळती मीटरच्या पुढे, आपल्याच पाईपमध्ये आहे. ती थांबलेली असूनही आकडे पटत नसतील, तर मीटर तपासणीचा अर्ज द्यावा.

प्रश्न : विधानसभेच्या यादीत माझे नाव योग्य ठिकाणी आहे, पण नगरपरिषदेच्या यादीत ते शेजारच्या प्रभागात गेले. शिवाय या वेळी एकाहून अधिक मते का द्यावी लागली? (एक वाचक, सदर बझार)

उत्तर : राज्य निवडणूक आयोग नगरपरिषदेसाठी मतदारांची नवी नोंदणी करीत नाही, विधानसभेची यादी ठरलेल्या तारखेला घेऊन तिचे प्रभागनिहाय तुकडे पाडले जातात. सीमेवरच्या गल्ल्यांतील नावे या विभागणीत इकडची तिकडे होतात. दुरुस्तीची संधी प्रारूप यादी प्रसिद्ध झाल्यावर हरकतींसाठी दिलेल्या थोड्या दिवसांतच असते, मतदानाच्या दिवशी काही करता येत नाही. आपला पत्ता मूळ यादीतच अर्धवट किंवा जुना असेल, तर आताच नमुना ८ भरून तो दुरुस्त करून घ्यावा. नव्या नोंदणीसाठी नमुना ६ आहे.

सातारा नगरपरिषदेची मुदत २०२१ अखेर संपली आणि त्यानंतरचे मतदान डिसेंबर २०२५ मध्ये झाले. मधली चार वर्षे प्रशासकांची होती. नगराध्यक्ष थेट मतदारांतून आणि प्रत्येक प्रभागातून दोन सदस्य निवडायचे असल्यामुळे प्रत्येकाला तीन मते द्यावयाची होती. पुढे उमेदवारीचा विचार करणाऱ्यांनी एवढे ध्यानात ठेवावे की मतदाराला १८ वर्षे पुरतात, उमेदवाराला मात्र २१ पूर्ण असावी लागतात आणि नगरपरिषदेची विशेष नोटीस येऊनही मुदतीत न भरलेली थकबाकी अपात्रतेचे कारण ठरू शकते. विलासपूरच्या वाचकांनी आपले उत्तर येथे पुन्हा एकदा वाचावे.