जुन्या बोटीच्या फरशीखालची ॲल्युमिनियमची पेट्रोल टाकी पाझरतेय. वेल्डिंग करून चालेल का?

नाही, टाकीच बदला. भोवतालच्या फोममध्ये मुरलेलं पाणी पत्रा बाहेरून खातं. तळाला पांढरी भुकटी आणि टाचणीएवढी भोकं दिसतील. एक बुजवलं की शेजारचं फुटतं, शिवाय रिकाम्या टाकीतली वाफ वेल्डिंगच्या ठिणगीने उडते. कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरात (कारखान्यांचा भाग) ॲल्युमिनियमच्या ५०८३ किंवा ५०५२ ग्रेडच्या, किमान ३ मिमी पत्र्याची नवी करून घ्या (भांड्यांचा पत्रा अजिबात नको). ३ पीएसआय हवा भरून साबणाच्या फेसाने प्रत्येक जोड तपासा. तळाला निओप्रीन रबराच्या पट्ट्या सीलंटने चिकटवा, टाकी घट्ट आवळा. पाइप इथेनॉलला टिकणारेच घ्या. मात्र टाकी काठोकाठ भरल्यावरच वास येत असेल, तर फरशी कापण्याआधी भरणीचा पाइप आणि पेट्रोल-गेजचं गॅस्केट (जोडातली रबरी चकती) बघा.