‘छान आहे’च्या पुढचा अभिप्राय कसा मिळवावा?

दोन कथा आणि एक एकांकिका लिहून झाली आहे, जवळच्या मंडळींना वाचायला दिली तर ‘छान आहे’ यापलीकडे कुणी काही बोलत नाही, मग अनोळखी वाचकांना द्यावी का आणि दिली तर कुणी चोरणार नाही ना, असे आपण विचारले आहे. चोरीचा मुद्दा शेवटी घेतो, कारण माझ्या मते तो सर्वांत कमी महत्त्वाचा आहे.

‘छान आहे’ हे उत्तर बहुतेक वेळा आपल्याच प्रश्नातून येते. ‘कशी वाटली?’ असे विचारले की आपण समोरच्याला निकाल द्यायला सांगतो, आणि ओळखीच्या माणसाच्या तोंडावर वाईट निकाल देण्याइतका कठोर माणूस विरळा. त्याऐवजी वाचताना काय घडले ते विचारावे: कुठे वाचन थांबले, कोणता परिच्छेद दुसऱ्यांदा वाचावा लागला, कोणत्या पात्राचे नाव आत्ता आठवत नाही. सर्वांत उपयोगी पडते ती एक साधी विनंती, की कथा बाजूला ठेवून ती चार वाक्यांत मला सांगा. माझ्या एका कथेत दोन भाऊ घर विकतात आणि थोरला आपल्या वाट्यातून धाकट्याचे कर्ज गुपचूप फेडतो. पाच वाचकांनी ती वाचली, पाचही जणांनी कौतुक केले. मात्र सांगायला लावल्यावर तिघांच्या तोंडून कथा आली ती ‘थोरल्याने धाकट्याला गंडवले’ अशी! शोधल्यावर दिसले, की कर्ज फेडल्याचे एकुलते एक वाक्य मी पावसाच्या लांबलचक वर्णनाच्या पोटात ठेवले होते, आणि पावसाचे वर्णन वाचक डोळ्यांखालून भराभर घालतात. (मीही घालतो.)

याच वाचकांनी सुचवलेले उपाय मात्र एकाहून एक वेगळे होते: एकाला शेवट बदलायला हवा होता, दुसऱ्याला थोरल्याची बायको अधिक दिसायला हवी होती. अडखळण्याची जागा सांगणारा वाचक सहसा चुकत नाही, कारण तो स्वतः तिथे अडखळलेला असतो. उपाय सांगताना मात्र तो नकळत स्वतःच्या मनातली कथा लिहू लागतो. म्हणून जागा टिपून घ्यावी आणि उपाय आभार मानून ऐकावा. ऐकताना खुलासा करण्याचा मोह आवरणे फार कठीण जाते, पण ‘मला तिथे असे म्हणायचे होते’ हे वाक्य एकदा तोंडातून गेले, की त्यानंतरचा अभिप्राय कथेवर न राहता आपल्या खुलाशावर येतो. शिवाय पहिले वाचन एकदाच होते, तेव्हा सगळे वाचक पहिल्याच खर्ड्यावर खर्च न करता दोघे-तिघे सुधारलेल्या खर्ड्यासाठी राखून ठेवावेत.

एकांकिकेचे गणित निराळे आहे. ती नुसती वाचायला देऊ नये, मोठ्याने वाचून घ्यावी, आणि ती आपण स्वतः वाचू नये. लेखक वाचतो तेव्हा कागदावर नसलेला सगळा अर्थ आवाजातून भरून काढतो. भूमिका वाटून द्याव्यात, रंगसूचना वाचायला एक माणूस वेगळा ठेवावा, घड्याळ लावावे आणि कोपऱ्यात वही घेऊन गप्प बसावे. माझ्या पहिल्या संहितेच्या वाचनात आत्याची भूमिका करणाऱ्या बाईंनी मध्येच कागद खाली ठेवले, पाणी प्यायल्या, चष्मा पुसला, आणि तरीही त्यांची पाळी आली नव्हती. आत्या तब्बल तीन पाने रंगमंचावर नुसती उभी होती आणि मनात वाचणाऱ्या एकालाही ते खटकले नव्हते, कारण कागदावर गप्प असलेले पात्र दिसतच नाही. जिथे वाचणाऱ्याचा श्वास तुटतो किंवा तो आपल्या नकळत वाक्य बदलून बोलतो, तिथेही खूण करावी. बदललेले वाक्य बहुधा आपल्या वाक्यापेक्षा बरे असते.

एखादे वाचन पडले म्हणून संहिता फाडू नये. रशियन लेखक चेखवचे ‘द सीगल’ हे नाटक १८९६ साली सेंट पीटर्सबर्गच्या पहिल्या प्रयोगात सपशेल पडले, आणि १८९८ मध्ये मॉस्को आर्ट थिएटरने केलेल्या प्रयोगात तेच गाजले.

आता चोरीविषयी. १८८६ चा बर्न करार हा लेखक-कलावंतांच्या हक्कांविषयीचा आंतरराष्ट्रीय करार. त्याचे आजचे तत्त्व असे, की सदस्य देशांमध्ये लेखकाचा हक्क लेखनासोबतच निर्माण होतो, त्यासाठी नोंदणीची अट नसते. मात्र संरक्षण शब्दरचनेला मिळते, नुसत्या कल्पनेला मिळत नाही. तारखेसह खर्डे जपून ठेवणे आणि ते स्वतःलाच ईमेलने पाठवणे एवढी काळजी पुरते. खरा धोका दुसरीकडे आहे: सर्वांना खुले केलेले लेखन अनेक नियतकालिके आणि स्पर्धा ‘पूर्वप्रकाशित’ धरतात, म्हणून जी कथा पुढे कुठे पाठवायची आहे ती मोजक्या वाचकांनाच द्यावी आणि संबंधित नियम आधी वाचावेत. एकांकिकेच्या बाबतीत आणखी एक घोटाळा होतो. वाचायला मिळालेली संहिता म्हणजे प्रयोगाची परवानगी, असे काही हौशी मंडळी अगदी निरागसपणे समजतात. त्यामुळे पहिल्याच पानावर खर्ड्याचा क्रमांक आणि तारीख घालून खाली लिहावे: ‘केवळ वाचनासाठी. प्रयोगासाठी लेखकाची लेखी परवानगी आवश्यक.’