आधी खळ्यात मुलाच्या बाजूला बसा

ताई, तुम्ही विचारलंत ना, ऑटिझम असलेल्या मुलासोबत फ्लोअरटाइम, म्हणजे जमिनीवर बसून खेळता खेळता संवाद वाढवणं, घरी कसं सुरू करायचं? त्याला काही मोठं सामान लागत नाही हो, अमेरिकेतले बालमानसोपचारतज्ज्ञ ग्रीनस्पॅन यांनी मांडलेली पद्धत आहे, मूल ज्यात रमलंय त्यातच आपण शिरायचं, एकावेळी २० मिनिटं तरी, दिवसातून काही वेळा. माझा लेक इथे मालवणात खळ्यात, म्हणजे अंगणात, बसून शिंपले नुसते ओळीत लावायचा, मी उचलून घ्यायचे आणि तो किंचाळायचा. मग एक दिवस गप बाजूला बसले, पुढचा शिंपला तळहातावर धरून थांबले. बराच वेळ काहीच नाही... मग त्याने हाताकडे पाहिलं, शिंपला घेतला, मी दुसरा धरला, तो हसला! हीच देवाणघेवाण वाढवायची. 'रंग सांग, नाव सांग' सध्या नकोच. आवाजाचा त्रास होत असेल तर टीव्ही बंद ठेवा. आणि स्पीच थेरपी चालू असेल तर ती सोडू नका हां.