वाचकांचे प्रश्न : बंब आला, मग पाणी का नाही?

प्रश्न : आम्ही गोवंडीच्या शिवाजीनगरात राहतो. मागच्या उन्हाळ्यात आमच्या पाठच्या गल्लीत रात्री आग लागली. बंब लवकर आला, पण फायरमन बराच वेळ कोरडे पाइपच ओढत राहिले. लोक चिडले, शिवीगाळ झाली, कोणीतरी दगडही भिरकावला. माझा धाकटा मुलगा त्या रात्री त्यांच्याबरोबर पाइप धरून उभा होता आणि तेव्हापासून त्याने फायरमन होण्याचा ध्यास घेतला आहे. ती माणसे पाणी का मारत नव्हती, आणि आमच्यासारख्या वस्त्यांत काम करणाऱ्या फायरमनचे आयुष्य कसे असते?
— एक आई, गोवंडी

उत्तर : ताई, माझी अग्निशमन दलातल्या नोकरीची बहुतेक वर्षे अशाच वस्त्यांतल्या वर्द्यांवर, म्हणजे मदतीसाठी आलेल्या हाकांवर, गेली, म्हणून आधी त्या कोरड्या पाइपाबद्दल सांगतो. त्या काही मिनिटांपायी आमच्या अनेक सहकाऱ्यांनी लोकांचा मार खाल्ला आहे.

गल्ली चार-पाच फुटांची आणि तिच्या तोंडाशी दुचाक्या, हातगाड्या, पाण्याचे ड्रम. त्यामुळे बंब मोठ्या रस्त्यावरच उभा राहतो आणि तिथून जळत्या घरापर्यंत होज पाइपाचे पंधरा-पंधरा मीटरचे तुकडे जोडत न्यावे लागतात. कोरडा तुकडा एकटा माणूस खांद्यावर टाकून पळू शकतो. पाणी भरले की त्याच तुकड्यात पंचेचाळीस लिटरच्या आसपास पाणी साठते, तो ओंडक्यासारखा ताठ होतो आणि काटकोनात वळणाऱ्या गल्लीत दोघांनाही हलवता येत नाही. म्हणून पुढे ब्रांच, म्हणजे पाइपाच्या टोकाची तोटी, धरलेला फायरमन पाय रोवून इशारा करीपर्यंत पंपावरचा यंत्रचालक पाणी सोडत नाही. घाईने सोडले आणि ब्रांच हातातून निसटली, तर ती समोरच्याचे डोके फोडू शकते. डोक्यावर लोंबणाऱ्या तारांमधली वीज बंद झाल्याची खात्रीही करून घ्यावी लागते. शिवाय एका बंबात साधारण चार-साडेचार हजार लिटर पाणी असते, आणि दोन ब्रांच पूर्ण जोराने चालल्या तर ते पाच मिनिटांत संपते. मागचा टँकर गर्दीत अडकला असेल, तर ते पाणी जपूनच वापरावे लागते. तुमच्या मुलाने वळणावर पाइप धरला होता, ती एका पूर्ण माणसाची मदत होती.

वस्तीत शिरताना फायरमन दोनच गोष्टी विचारतो : आत कोण आहे आणि सिलिंडर किती आहेत. एका घरगुती सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस असतो. तो हवेपेक्षा जड असल्यामुळे जमिनीलगत पसरतो आणि शेजारच्या उंबऱ्याखालून आत शिरतो. कांदिवलीच्या दामूनगरात ७ डिसेंबर २०१५ रोजी लागलेल्या आगीत एकामागून एक सिलिंडर फुटत गेले आणि शेकडो झोपड्या खाक झाल्या. अशा ठिकाणी जवान भिंतीच्या आडोशाने सिलिंडरवर पाण्याचा मारा करून ते थंड करतात आणि मग उचलून बाहेर आणतात. छपरावर चढायचे तर सिमेंटच्या पत्र्यावर नटबोल्टच्या रेषेवरूनच पाऊल टाकायचे, कारण खालचा आधार तिथेच असतो. पावसासाठी अंथरलेले प्लास्टिक वितळून मानेवर गळते, त्याचे डाग पुढे कित्येक वर्षे राहतात.

आग विझल्यावर लोक पांगतात, पण आमचे कूलिंग पुढे काही तास चालते. राख उपसून तिच्यात दडलेली धग विझवायची असते. एका पहाटे अशाच राखेत मला पत्र्याची पेटी लागली. झाकण पहारीने उचकटले. आत रेशनकार्ड, मुलीची दहावीची गुणपत्रिका आणि भाडेपावत्या होत्या. कडा तपकिरी झाल्या होत्या, पण अक्षर न् अक्षर वाचता येत होते. घरमालकीण ते कागद छातीशी धरून खाली बसली. ज्या वस्तीत कागदावरच माणसाचे घर ठरते, तिथे ती पेटी काय मोलाची होती, हे तुम्हाला सांगायला नको. म्हणून कूलिंगच्या वेळी फावडे जपून चालवा, असे मी नव्या मुलांना नेहमी सांगत आलो.

एरवीचा दिवस हजेरी, गाडीची तपासणी, श्वसनयंत्राच्या सिलिंडरमधला दाब पाहणे आणि कवायत यांत जातो. पावसाळ्यात पडलेली झाडे आणि कोसळलेली घरे, संक्रांतीला मांजात अडकलेले पक्षी, अशा वर्द्या येतच असतात. दिवाळीत मात्र रजेची आशा धरू नये.

धोक्याविषयी आईपासून काही लपवणे मला योग्य वाटत नाही. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकीन’ या जहाजावर झालेल्या स्फोटांत दलाचे ६६ जण मृत्युमुखी पडले. त्यांचे स्मारक भायखळ्याच्या मुख्यालयात आहे. मे २०१५ मध्ये काळबादेवीच्या गोकुळ निवास इमारतीतील आगीत चार अधिकाऱ्यांचा जीव गेला, त्यांत दलाचे तेव्हाचे प्रमुख सुनील नेसरीकरही होते. या नोकरीत साहेबही आत जातो, याचा मला अभिमान आहे. मोठ्या दुर्घटनांइतकाच रोजचा धूरही माणसाला पोखरतो. वर्दीनंतरच्या सकाळी काळी थुंकी पडते. म्हणून आत जाताना श्वसनयंत्र लावायचा कंटाळा करायचा नाही, हे मुलाच्या मनावर आत्तापासून बिंबवा.

भरतीसाठी त्याला आधी बारावी नीट पूर्ण करू द्या. मैदानी चाचणीत धावण्याबरोबरच उंचावरून खाली धरलेल्या जाळीत उडी मारणे, शिडी चढणे आणि पन्नास किलोचा मानवी पुतळा खांद्यावर घेऊन धावणे असते. उंची आणि वयाच्या अटी त्या-त्या जाहिरातीत पाहाव्यात. नोकरी लावून देतो म्हणून पैसे मागणाऱ्या कोणालाही एक रुपयासुद्धा देऊ नका. तोपर्यंत त्याला एक काम सोपवा : गल्लीच्या तोंडाशी लागणाऱ्या दुचाक्या रात्री एका बाजूला लावून घेणे, आणि १०१ वर फोन करण्याची वेळ आलीच, तर पत्त्याबरोबर जवळची शाळा किंवा बसथांबा सांगून स्वतः मोठ्या रस्त्यावर बंबाची वाट पाहत उभे राहणे.