वडील मडगावचे, घर वाशीत, पासपोर्ट कोणता?

प्रश्न : माझ्या वडिलांचा जन्म 1948 चा, मडगावचा. पोर्तुगाल नागरिकत्वाचे नियम कडक करत असल्याच्या बातम्या वाचतो. मुलाला युरोपात शिकायचे आहे. आमचा हक्क जाईल का? वडिलांचे भारतीय नागरिकत्व राहील का?
– एक वाचक, वाशी

उत्तर : खरी काळजी दुसऱ्या प्रश्नाची करा. बातम्यांतला गदारोळ मुख्यतः पोर्तुगालमध्ये काही वर्षे राहून नागरिकत्व मागणाऱ्यांबद्दल आहे. तुमचा हक्क वडिलांच्या गोव्यातल्या जन्मावर उभा आहे; त्या जन्माची नोंद पोर्तुगालमध्ये करून घ्यावी लागते. पोर्तुगालच्या 1975 च्या हुकुमाने अंगोला, मोझांबिक या त्याच्या आफ्रिकी वसाहतींतल्या बहुतेकांचे पोर्तुगीज नागरिकत्व गेले, गोवेकरांचे मात्र पोर्तुगालने मानले. इकडे भारताच्या 1962 च्या आदेशाने, 20 डिसेंबर 1961 पूर्वी गोव्यात जन्मलेले त्या तारखेपासून भारतीय झाले. नको असेल त्याने महिन्याभरात लेखी कळवायचे होते.

घोडे अडते ते स्पेलिंगवर. जुन्या पोर्तुगीज दप्तरात कामतांचे ‘कामोतिम’, प्रभूंचे ‘पोरोबो’, शेणवींचे ‘सिनाय’ झालेले असते आणि आधार कार्डावर आजचे आडनाव. आधी जन्मनोंदीचा संपूर्ण उतारा काढा (गोव्यात त्याला ‘तेओर’ म्हणतात), आजी-आजोबांच्या लग्नाची नोंदही पाहा. नावे, तारखा जुळवून घ्या, मगच अपोस्टिल (परदेशात कागद ग्राह्य धरला जावा म्हणून सरकारी शिक्का) करा. उलट क्रमाने गेलात तर तोच खर्च दुसऱ्यांदा होतो.

पोर्तुगालमधल्या नोंदणीची साखळी अशी : वडील, मग तुम्ही, मग मुलगा. मधली कडी गाळून सहसा चालत नाही. त्यामुळे मुलाच्या प्रवेशाचा हिशेब या फायलीवर बांधू नका. विद्यार्थी व्हिसाची तयारी वेगळी ठेवा.

आता नागरिकत्व. भारताच्या 1955 च्या नागरिकत्व कायद्याच्या कलम 9 नुसार स्वेच्छेने परदेशी नागरिकत्व घेतले की भारतीय नागरिकत्व संपते, आणि परदेशी पासपोर्ट हा नियमांनुसार त्याचा निर्णायक पुरावा. पासपोर्ट न घेता पोर्तुगालमध्ये नुसती जन्मनोंद केली तर काय होते, हा वाद उठला तर निर्णय केंद्र सरकार करते. ‘नोंद केल्याने काही होत नाही’ हे एजंटचे वाक्य म्हणूनच लेखी मागा. बहुधा मिळणार नाही. दोन्ही पासपोर्ट खिशात ठेवणे तर सरळ गुन्हा. पोर्तुगीज पासपोर्ट घेतलाच तर भारतीय पासपोर्ट जमा करून तसे सरेंडर प्रमाणपत्र घ्या, मतदार यादीतून नाव काढा, मग ओसीआयचा (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणाऱ्या कार्डाचा) अर्ज. ओसीआयवर मतदान नाही, आणि कर्जतला शेतजमीन किंवा फार्महाऊस विकत घेता येत नाही. वडिलांच्या मनात तसे काही असेल तर त्यांनी सही करण्याआधी विचार करावा.