धुराने कोंडलेली छाती आणि चौथ्या दिवसाचा ताप

प्रश्न : आमच्या इमारतीत मीटरबॉक्सला आग लागली, तेव्हा माझे मोठे दीर (वय 58) जिन्यातल्या धुरात सुमारे पंधरा मिनिटे अडकले होते. अंगावर भाजल्याची एकही खूण नव्हती. दोन दिवस आवाज बसला होता आणि बेडक्यातून काजळी पडत होती, एवढेच. चौथ्या दिवशी मात्र थंडी वाजून ताप भरला आणि न्यूमोनियाचे निदान झाले. धुरात जंतू नसतात, मग हा संसर्ग आला कोठून? पहिल्याच दिवशी अँटिबायोटिक दिले असते, तर तो टळला नसता का? – एक वाचक, डोंबिवली

उत्तर : जंतू धुरातून आले नाहीत, हा आपला तर्क बरोबर आहे. ते बहुधा रुग्णाच्याच नाकाघशात मुक्कामाला असतात आणि झोपेत लाळेबरोबर थोडेथोडे खाली उतरतात. एरवी ते तेथे टिकत नाहीत, कारण श्वासनलिकेच्या अस्तरावरचे सूक्ष्म रोम चिकट स्रावात अडकलेला कचरा अखंड वर, घशाकडे लोटत असतात. धुराने मोडते ती नेमकी ही व्यवस्था. धुराची उष्णता बहुतेक वेळा घशाच्या वरच शोषली जाते. खालची इजा रासायनिक असते. वायरीचे पीव्हीसी आवरण जळताना निघणारा हायड्रोजन क्लोराइड ओलसर अस्तराला लागताच त्याचे आम्ल होते. रोम निकामी होतात, अस्तर सोलपटते, रक्तातला द्रव पाझरतो आणि या सगळ्याचे घट्ट बुच बारीक नलिकांत बसतात. बुचापलीकडच्या भागात हवा पोहोचत नाही आणि जंतू मात्र निवांत वाढतात. हे घडायला काही दिवस लागतात, म्हणून ताप पहिल्या दिवशी न येता चौथ्या दिवशी आला.

‘प्रतिकारशक्ती कमी झाली’ असे अशा वेळी सर्रास म्हटले जाते, पण ते अर्धेच खरे आहे. वायुकोशांतल्या मॅक्रोफेज नावाच्या भक्षक पेशी काजळी गिळून सुस्तावतात आणि त्यांची जंतू मारण्याची क्षमता घटते; त्याच वेळी न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी झुंडीने धावून येतात आणि आपली दाहक रसायने जंतूंइतकीच स्वतःच्या ऊतींवरही ओततात. म्हणजे प्रतिसाद एकीकडे दुबळा आणि दुसरीकडे अनावर असतो.

अंगावर फारसे न भाजताही धूर फुप्फुसाला किती इजा करतो, हे वैद्यकाच्या ठळकपणे लक्षात आले ते बोस्टनमधल्या कोकोनट ग्रोव्ह या नाइट क्लबच्या आगीनंतर. 28 नोव्हेंबर 1942 च्या त्या रात्री 492 माणसे दगावली. पुढे 1987 मध्ये अमेरिकी लष्कराच्या संशोधन संस्थेतील डॉक्टरांनी हजारांहून अधिक भाजलेल्या रुग्णांच्या नोंदी तपासल्या. अपेक्षित मृत्युदरात केवळ धुराच्या इजेने जास्तीत जास्त 20 टक्क्यांची भर पडते, केवळ न्यूमोनियाने 40 टक्क्यांची आणि दोन्ही एकत्र आल्यास सुमारे 60 टक्क्यांची, असे त्यांना आढळले. हे आकडे भाजलेल्यांचे आहेत, ते आपल्या दिरांना लावून घाबरू नये. पण धुरानंतरचा ताप अंगावर काढू नये, हे त्यावरून नक्की कळते.

आता अँटिबायोटिकविषयी. संसर्गाचे चिन्ह नसताना ते दिल्याने न्यूमोनिया टळतो, असे दिसत नाही. बुच बसलेल्या जागी औषध नीट पोहोचत नाही आणि साधे जंतू मेल्यावर रान मोकळे होते ते औषधाला न जुमानणाऱ्या जंतूंना. सूज उतरावी म्हणून सरसकट स्टेरॉइड देण्याचीही शिफारस नाही. ताप, पिवळा बेडका, एक्स-रेवर नवी सावली असे काही दिसले, की मात्र बेडक्याचा नमुना कल्चरसाठी घेऊन औषध ताबडतोब सुरू करावे लागते. तोवरचा खरा उपचार म्हणजे छाती मोकळी ठेवणे : दमट केलेला ऑक्सिजन, नेब्युलायझर, फिजिओथेरपी, उठवून बसवणे, मुद्दाम खोकायला लावणे. घरच्यांना तो खोकला ऐकवत नाही आणि ते खोकला थांबवणारे सिरप मागतात. येथे ते घातकच ठरते. इजा तीव्र असल्यास दुर्बिणीने बुच काढावे लागतात.

दिरांनी औषधाचा कोर्स अर्धवट सोडू नये. घरात काही आठवडे धूप, उदबत्ती आणि मच्छर कॉइल लावू नयेत, विडी-सिगारेट तर नकोच. पुन्हा ताप आला, धाप वाढली, बेडक्यात रक्त दिसले किंवा ग्लानी आली, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. एक्स-रेवरील सावली पुसट व्हायला काही आठवडे लागू शकतात. रुग्णाला बरे वाटत असेल, तर केवळ तिच्यासाठी औषधे बदलून घेऊ नयेत.