पाळकाचे पाय कोण धुणार?

“मॅडम, मंडळीला हे कळलं तर माझा शब्द कोण मानेल?”

पाळक म्हणजे ख्रिस्ती मंडळीचे धर्मगुरू, मंडळीतले वडील म्हणजे तिचे जबाबदार ज्येष्ठ, पाळकांच्या पत्नी, कधी एखादे कॅथलिक फादरही. समुपदेशनासाठी माझ्यासमोर कुणीही बसलेलं असो, दुखणं वेगळं असतं, पण भीती हीच असते. म्हणून एका पाळकसाहेबांची हकीकत सांगते. त्यांची परवानगी घेतली आहे आणि ओळखीच्या खुणा बदलल्या आहेत.

बंदर आणि गोदीच्या कामासाठी कोल्हापूर-नगरकडून वास्कोत आलेल्या कुटुंबांची त्यांची छोटी मराठी मंडळी. शनिवारी रात्रभर त्यांना झोप लागत नसे. रविवारी उपदेशाला उभं राहिलं की हात थरथरत, म्हणून ते पवित्र शास्त्र दोन्ही हातांनी छातीशी घट्ट धरत. लोकांना त्यात भक्ती दिसे. पत्नीने हट्टाने त्यांना माझ्याकडे मडगावला पाठवलं. वास्कोत कुणाची स्कूटर कुणाच्या दारात उभी होती, हे संध्याकाळपर्यंत सगळ्यांना कळतं.

सुरुवातीला ते मंडळीतल्या आजाऱ्यांबद्दलच बोलत राहिले. मग एकदा मी विचारलं, “तुमच्यासाठी प्रार्थना कोण करतं?”

“सगळेच करतात. दर रविवारी.”

“काय मागतात?”

“सेवेसाठी सामर्थ्य.”

“आणि झोप?”

“ते त्यांना कुठं ठाऊक आहे!”

येशूने शिष्यांचे पाय धुतले, त्याची आठवण म्हणून त्यांची मंडळी पवित्र गुरुवारी पाय धुण्याचा विधी करते. त्याबद्दल ते अगदी मनापासून बोलले. तांब्यातलं पाणी कोमट असावं, म्हाताऱ्यांचे पाय आधी घ्यावेत, टाचांच्या भेगांना जपून पुसावं. मी विचारलं, “आणि तुमचे पाय कोण धुतं?”

त्यांनी पाय पटकन खुर्चीखाली ओढून घेतले. ते त्यांच्याही ध्यानात आलं. बराच वेळ ते खाली बघत होते. मग म्हणाले, “येशू पाय धुवायला आला तेव्हा त्याचा शिष्य पेत्रही नकोच म्हणाला होता.” आणि इतक्या महिन्यांत पहिल्यांदा ते रडले.

मी काही बोलले नाही. अशा वेळी समजूत घालायची घाई आवरणं हेच आमच्या कामातलं मोठं कौशल्य, आणि त्या दिवशी ते मला साधलं याचं समाधान आहे. मला त्या क्षणी एक गोष्ट लख्ख दिसली. दुसऱ्याचे पाय धुताना माणूस वाकतो, पण देणारा तोच असतो. स्वतःचे पाय पुढे करताना हातात काहीच उरत नाही. सेवेत झिजणाऱ्या पुष्कळ पुढाऱ्यांची नम्रता या दुसऱ्या पायरीवर अडते.

मी कार्ल रॉजर्स यांच्या विचारांची. मानसशास्त्राकडे वळण्याआधी ते न्यूयॉर्कच्या युनियन सेमिनरीत धर्मशिक्षण घेत होते. माणूस आतबाहेर एक असला की समोरचाही मोकळा होतो, हा त्यांचा आग्रह मी रोज खरा ठरताना पाहते.

पण मोकळं होणं म्हणजे उपदेशपीठावरून मन रितं करणं नव्हे. तसं केलं की पाळकाला सांभाळायचं ओझं मंडळीवर पडतं. अटकेच्या रात्री गेथशेमाने बागेत येशूने आपला जीव मरणप्राय खिन्न झाल्याचं सांगितलं ते तिघा शिष्यांना, जमावाला नाही. पाळकानेही आपली दोन-तीन माणसं निवडावीत, शक्यतो त्यातलं एक मंडळीबाहेरचं. कॅथलिक धर्मगुरूला पापनिवेदनासाठी दुसऱ्या धर्मगुरूकडे जावं लागतं. मार्च २०१४ मध्ये पोप फ्रान्सिस सेंट पीटर्समध्ये सर्वांदेखत पापनिवेदनासाठी गुडघे टेकून बसले होते. छोट्या मराठी मंडळीच्या पाळकाला अशी सोय आयती मिळत नाही, ती त्याने मागून घ्यावी लागते. मागताना नेमकं बोलावं. ‘माझ्यासाठी प्रार्थना करा’ एवढं पुरत नाही. ‘मला झोप येत नाही, महिन्यातून एक उपदेश तुम्ही घ्या’ असं सांगावं. हात थरथरणं, झोप उडणं यांसाठी डॉक्टरही हवाच. औषध घेतल्याने विश्वास उणा ठरत नाही.

पाळकसाहेबांनी आधी दोन वडिलांना घरी बोलावून सांगितलं. त्यातले एक म्हणाले, “साहेब, माझीही गोळी चालू आहे. तुम्हाला सांगायची लाज वाटत होती.”

आता महिन्यातला एक रविवार ते मंडळीत बसून उपदेश ऐकतात. औषध चालू आहे. शनिवारची झोप अजून पुरती आलेली नाही, पण जागं राहावं लागलं तर फोन कुणाला करायचा हे ठरलेलं आहे.